औषधांच्या कपाटात शिरलेले संगणक

सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घरात संगणक किती आहेत? बहुतेक जण सांगतील, एक लॅपटॉप, आणि फोन धरले तर तीन-चार. आता उठून घरातला औषधांचा डबा उघडा. त्यात डिजिटल थर्मामीटर असेल. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर रक्तदाबाचे मशीन असेल. कोणाला मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर असेल. आणि २०२०-२१ मध्ये धावपळ करून आणलेला ऑक्सिमीटर तर बहुतेक घरांत कुठल्यातरी खणात पडलेला आहेच. या प्रत्येक वस्तूच्या पोटात एक छोटा संगणक आहे. त्याला कीबोर्ड नाही, मोठा पडदा नाही, म्हणून आपण त्याला संगणक म्हणत नाही, एवढेच.

मार्क वायझर नावाचे एक अमेरिकी संशोधक होते. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ते काम करत. १९९१ मध्ये त्यांनी एका प्रसिद्ध विज्ञान मासिकात लेख लिहून एक भाकीत केले. पुढच्या काळात संगणक टेबलावर बसून आपले लक्ष मागणार नाही, तो रोजच्या वस्तूंमध्ये विरून जाईल, आणि आपण तो वापरतो आहोत हेसुद्धा आपल्या लक्षात येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. वायझर १९९९ मध्ये वारले. त्यांचे भाकीत किती खरे ठरले हे पाहायला दूर जायला नको, औषधांचे कपाट पुरेसे आहे.

या लेखात आपण अशा काही वस्तूंचा इतिहास पाहू. त्यामागे माझा एक हेतू आहे. जुनी उपकरणे मोजमाप करत असत, नवी उपकरणे मोजमाप करून त्यावर हिशेब करतात आणि हिशेबाचे उत्तर आपल्याला दाखवतात. हा फरक कळला तर पडद्यावरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हेही कळते. तो न कळल्याने काय होते, याचा एक अनुभवही पुढे सांगणार आहे.

पारा गेला, बीप आली

तापापासून सुरू करू. जर्मनीतील लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांचे तापमान पुन्हा पुन्हा मोजून १८६८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप हा स्वतः एक आजार नाही, ते आजाराचे लक्षण आहे, ही समज त्यातून पक्की झाली. पण त्या काळचे थर्मामीटर चांगले फूटभर लांब असत आणि आकडा स्थिर व्हायला वीस मिनिटे लागत. इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी त्याच दशकात सहा इंच लांबीचे, पाच मिनिटांत काम करणारे थर्मामीटर आणले, आणि ते डॉक्टरांच्या खिशात जाऊन बसले.

काचेचे थर्मामीटर झटकून पारा खाली आणणे, ते काखेत ठेवणे आणि मग उजेडात तिरके धरून चांदीसारखी रेघ शोधणे, हे सगळे चाळिशीपुढच्या वाचकांनी केलेले असेल. त्यात कसलाही हिशेब नव्हता. पारा उष्णतेने प्रसरण पावे आणि नळीत वर चढे. तो जिथे थांबे तो तुमचा ताप.

डिजिटल थर्मामीटरच्या टोकाशी थर्मिस्टर नावाचा एक बारीक भाग असतो. तापमान बदलले की त्याचा विद्युतरोध बदलतो. आतली चिप तो रोध सतत तपासते आणि त्याचे अंशांत रूपांतर करते. वाढ मंदावली, आता फारसा बदल होत नाही, असे चिपला वाटले की ती बीप वाजवते. काही मॉडेल तर तेवढेही थांबत नाहीत. पहिल्या काही सेकंदांत आकडा किती वेगाने चढला, त्यावरून शेवटी तो कुठे पोहोचेल याचा अंदाज बांधतात आणि तो अंदाज दाखवतात. म्हणूनच काखेत घाम असेल, टोक त्वचेला नीट टेकले नसेल किंवा मुलाने हात हलवला असेल, तर बीप वेळेवर वाजते पण आकडा चुकतो. आई सांगते, "अंग चटका देतंय, आणि हे ९८ दाखवतंय." अशा वेळी आईवर विश्वास ठेवून पुन्हा मोजावे.

पाऱ्याची उपकरणे गेली ती चांगल्या कारणाने. पारा मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडांना घातक आहे. २०१३ च्या मिनामाता करारात जगातील देशांनी त्याचा वापर कमी करण्याचे ठरवले आणि पाऱ्याची थर्मामीटरे व रक्तदाबमापके बनवणे २०२० पर्यंत थांबवण्याचे उद्दिष्ट ठेवले. जपानमधील ज्या गावाचे नाव या कराराला दिले आहे, तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून लोकांच्या पोटात गेला होता आणि असंख्य कुटुंबे अपंगत्वाने उद्ध्वस्त झाली होती. घरात जुने काचेचे थर्मामीटर असेल तर ते फुटू देऊ नका, आणि फुटलेच तर पारा हाताने गोळा करू नका.

कॅल्क्युलेटरसाठी बनलेली चिप

हे सगळे शक्य झाले ते एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीमुळे. तिने अमेरिकेतील इंटेलकडे आपल्या यंत्रासाठी चिपांची मागणी केली होती. प्रत्येक कामाला वेगळी चिप बनवण्याऐवजी एकच अशी चिप बनवावी, जिला आज्ञावली बदलून वेगवेगळी कामे देता येतील, अशी कल्पना तिथल्या अभियंत्यांनी लढवली. त्यातून १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला. नखाएवढ्या तुकड्यावर २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण त्यामुळे एक मोठा बदल झाला. संगणक हा खोली व्यापणारा अवजड पदार्थ राहिला नाही, तो कोणत्याही वस्तूत बसवता येणारा सुटा भाग झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो धुलाई यंत्रात गेला, गाडीच्या इंजिनात गेला, आणि वैद्यकीय उपकरणांतही गेला.

साखर मोजण्याचा हक्क कोणाचा?

मी एमबीबीएस शिकत होतो तेव्हा वॉर्डातल्या छोट्या प्रयोगशाळेत लघवीतली साखर बेनेडिक्टच्या द्रावणाने तपासत असू. परीक्षानळीत ५ मिलि निळे द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि मग नळी उकळायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी झाला तर साखर वाढत्या प्रमाणात आहे. अडचण अशी, की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. आणि साखर धोकादायकरीत्या खाली गेली आहे का, हे लघवी सांगूच शकत नाही. म्हणजे आपण पूर ओसरल्यावर भिंतीवरची खूण पाहत होतो.

१९६० च्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी कागदी पट्टी आली. रंग डोळ्यांनी जुळवायचा म्हणजे चूक होणारच. १९७० च्या सुमारास अमेरिकेत त्या पट्टीचा रंग प्रकाशाने मोजणारे यंत्र विक्रीला आले. वजन किलोभराहून अधिक, किंमत सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना व रुग्णालयांना.

इथे रिचर्ड बर्नस्टाइन यांची गोष्ट सांगायलाच हवी. ते अभियंता होते. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांना टाइप १ मधुमेह होता आणि तिशी-पस्तिशीतच त्यांच्या शरीरात मधुमेहाचे दुष्परिणाम दिसू लागले होते. त्यांनी या यंत्राची जाहिरात पाहिली. रुग्णाला ते मिळणार नव्हते, पण त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, म्हणून यंत्र त्यांच्या नावावर मागवले गेले. बर्नस्टाइन दिवसातून अनेकदा साखर मोजू लागले आणि त्यानुसार आहार व इन्सुलिन बदलू लागले. तब्येत सुधारली. हे इतर रुग्णांपर्यंत पोहोचावे म्हणून त्यांनी धडपड केली, पण एका अभियंत्याचे कोणी ऐकेना. शेवटी चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते स्वतः डॉक्टर झाले.

त्यांचे म्हणणे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले ते १९९३ मध्ये. अमेरिका व कॅनडातील टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाने दाखवले की साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांचे नुकसान पुष्कळ टळते. काटेकोर ठेवायची तर रोज, अनेकदा मोजायला हवी. रोज अनेकदा मोजायची तर यंत्र घरातच हवे. १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचे, रंगाऐवजी विद्युतप्रवाह मोजणारे ग्लुकोमीटर आले होतेच. आजचे बहुतेक ग्लुकोमीटर त्याच तत्त्वावर चालतात. पट्टीवरचे विकर रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया करते, त्यातून अतिसूक्ष्म प्रवाह तयार होतो, आणि चिप त्यावरून साखरेचा आकडा काढते.

हा आकडा काढताना काही सूट गृहीत धरलेली आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १०० पैकी ९५ वेळा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के आत-बाहेर असावा, एवढीच अट आहे. म्हणजे खरी साखर २०० असताना यंत्राने १७५ दाखवले किंवा २२५ दाखवले, तरी ते नियमात बसते. म्हणून "काल १४२ होती, आज १५१ आली, काय करू डॉक्टर?" या प्रश्नाला माझे उत्तर असते, काहीच करू नका. आणि आंबा कापून हात न धुता बोट टोचले तर यंत्र बोटावरच्या आंब्याची साखरही त्यात धरते. स्पिरिटपेक्षा साबण-पाणी आणि कोरडा हात केव्हाही चांगला.

रक्तदाब : मशीन नेमके काय मोजते?

इटलीतील डॉक्टर रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाला हवेचा पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत मांडली. १९०५ मध्ये रशियन शल्यचिकित्सक कोरोटकॉफ यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला आणि ठोके सुरू होण्याचा आवाज म्हणजे वरचा आकडा, आवाज बंद होणे म्हणजे खालचा आकडा, हे दाखवून दिले. तेव्हापासून शंभर वर्षे डॉक्टरांनी हेच केले.

घरातल्या मशीनमध्ये मात्र कान नाहीत. पट्ट्यातली हवा हळूहळू सुटत असताना धमनीच्या ठोक्यांमुळे त्या हवेत बारीक कंपने उठतात. ही कंपने ज्या दाबाला सर्वांत मोठी होतात, तो सरासरी रक्तदाब. कंपनांचे हे निरीक्षण १९ व्या शतकातले, फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांचे आहे. पण त्याला स्वयंचलित यंत्राचे रूप मिळाले ते चिप आल्यावर, १९७० च्या दशकात. म्हणजे हे मशीन थेट ओळखते तो सरासरी दाब. आपण ज्यांची एवढी काळजी करतो ते वरचा आणि खालचा आकडा ते कंपनांच्या चढउतारावरून सूत्र लावून काढते. प्रत्येक कंपनीचे सूत्र वेगळे आणि ते सहसा गुप्त असते.

आता या सूत्राचे एक गृहीतक आहे. ठोके एकसारख्या अंतराने पडले पाहिजेत. ते तसे पडत नसतील तर हिशेब बिघडतो. इथे मला माझी चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी माझे जुने रुग्ण, एक निवृत्त शिक्षक, वही घेऊन आले. मुलाने नवे मशीन आणून दिले होते. सरांनी वहीत रकाने आखून सुबक अक्षरात आकडे लिहिले होते. म्हणाले, "डॉक्टर, हे मशीन भरवशाचं नाही. आत्ता १५२ दाखवतं, दोन मिनिटांनी १२४, पुन्हा १४०. मधेच नुसतं एरर येतं. आठवडाभर हेच चाललंय. आधी असं नव्हतं." मी माझ्या टेबलावरच्या उपकरणाने रक्तदाब घेतला, १३८/८४ आला. बाहेर गर्दी होती. मी म्हटले, "सर, मशीनच खराब दिसतंय. बदलून घ्या." ते वही मिटून गेले.

महिन्याभराने त्यांच्या मुलाचा पहाटे फोन आला. सरांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. रुग्णालयात काढलेल्या ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन होते. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, ठोके पूर्ण अनियमित होतात, आत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. वेळेत निदान होऊन रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू झाले तर हा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो.

सर वाचले, हळूहळू चालूही लागले. बोलणे मात्र पूर्ण परत आले नाही. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस!

त्या दिवशी माझ्या समोर बसलेले असताना त्यांची नाडी अनियमित होती का? मला सांगता येणार नाही, कारण मी ती पाहिलीच नाही. पट्टा बांधला, आकडा घेतला, मोकळा झालो. मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर मोजायला हवे होते. आकडे एवढे का उड्या मारतात, हा प्रश्न त्यांनी वहीत मांडून माझ्यासमोर आणला होता. कदाचित मशीन बिघडलेही असेल. पण आठवडाभरातच असे का झाले, हे मी विचारायला हवे होते.

आज अनेक मशीनवर ठोके अनियमित वाटल्यास एक छोटे हृदयाचे चिन्ह लुकलुकते. बहुतेक लोक ते शोभेचे समजतात. कृपया तसे समजू नका. ते वारंवार दिसत असेल, किंवा शांत बसून घेतलेल्या आकड्यांत नेहमीच मोठा फरक येत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन नाडी आणि ईसीजी तपासून घ्या.

बोटाच्या टोकावरचा ऑक्सिमीटर

१९७० च्या दशकात जपानमधील अभियंता ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश टाकून हृदयाचा रक्तप्रवाह मोजण्याचा प्रयोग करत होते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांचा आलेख हलायचा आणि मोजणीत अडथळा यायचा. तो अडथळा घालवता घालवता त्यांच्या लक्षात आले की या हलण्यातच माहिती आहे. जे हलते ते धमनीतले रक्त, जे स्थिर राहते ते त्वचा, हाड, शीर. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजन सोडलेले रक्त लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. तेव्हा फक्त हलणाऱ्या भागातले हे प्रमाण पाहिले की धमनीतल्या ऑक्सिजनचा अंदाज येतो. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडले. पुढे चिप स्वस्त झाल्या, १९८० च्या दशकात यंत्र शस्त्रक्रियागृहात पोहोचले आणि भूल देणे कितीतरी सुरक्षित झाले.

प्रमाणावरून टक्केवारी कशी काढतात? निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांच्या धमनीतले रक्त तपासतात आणि यंत्राच्या वाचनाशी त्याची जुळणी करतात. ही जुळणी चिपमध्ये साठवलेली असते. तुमच्या बोटावरचा ९६ हा आकडा म्हणजे कधीकाळी कोणा स्वयंसेवकांच्या रक्तावरून केलेली तुलना. मग हे स्वयंसेवक कोण होते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ टक्के होते, तर गोऱ्या रुग्णांत सुमारे ४ टक्के. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवायला हवे. आकडा ठीक असला तरी धाप लागत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकड्याकडे पाहत घरी थांबू नये.

आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. त्याच सुमारास त्यांच्या कल्पनेवर चाललेले यंत्र जगभरच्या घरांत शिरत होते. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबाचे मशीन, डिजिटल थर्मामीटर आणि नेब्युलायझर या पाच वस्तूंवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर रोखला. या वस्तू आता चैन राहिल्या नसून घराची गरज झाल्या आहेत, याची ती एक प्रकारे सरकारी नोंदच होती.

शरीराच्या आत

संगणक कपाटातच थांबला नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी तो बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा वापरून घडवला होता. शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी बसवलेले ते यंत्र काही तासांतच बंद पडले. पण प्रयत्न थांबले नाहीत. लार्सन यांना पुढे वीसहून अधिक पेसमेकर बसवले गेले आणि ते ८६ व्या वर्षी, २००१ मध्ये वारले, आपल्या अभियंत्याच्या आणि सर्जनच्याही नंतर.

तो पहिला पेसमेकर ठरावीक वेगाने ठोके देई, बाकी काही नाही. आजचा पेसमेकर हृदयाचा स्वतःचा ठोका पडला का हे आधी पाहतो, नसेल तरच ठोका देतो, जिना चढताना वेग वाढवतो, नोंदी ठेवतो आणि काही मॉडेल त्या बिनतारी पाठवतातही. जे यंत्र बाहेर संदेश पाठवते, त्याला बाहेरून संदेश येऊही शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांची आज्ञावली सुरक्षेच्या कारणास्तव बदलावी लागली. कोणाला इजा झाल्याची नोंद नव्हती, शस्त्रक्रियाही करावी लागली नाही, दवाखान्यात काही मिनिटांत काम झाले. पण फोनसारखे हृदयातल्या यंत्राचेही अपडेट निघू शकते, ही गोष्ट आमच्या पिढीच्या डॉक्टरांना नवीनच होती.

याहून कटू धडा त्याआधीच मिळाला होता. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेराक-२५ या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली. किमान तिघांचा त्यात मृत्यू झाला. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीची मात्रा रोखणारे यांत्रिक अडसर होते. नव्यात ते काढून सगळे काम संगणकावर सोपवले होते. तंत्रज्ञाने नोंद झटपट दुरुस्त केली तर आज्ञावलीचा गोंधळ उडे. पडद्यावर चुकीचा सांकेतिक संदेश येई, पण असे संदेश रोजच येत, म्हणून तंत्रज्ञ पुढे जाण्याचे बटण दाबत. आणि रुग्ण ओरडत होते, भाजल्यासारखे झाले म्हणत होते, तेव्हा सुरुवातीला त्यांना सांगितले गेले की यंत्र असे करूच शकत नाही.

मला या प्रकरणात नेहमी सरांची वही आठवते. माझी चूक उलट दिशेची होती. तिथे यंत्राला निर्दोष धरून रुग्णाचे ऐकले नाही. मी यंत्राला दोषी धरून प्रश्न संपवला. दोन्हीकडे तपासायचे राहिले ते माणसाचे शरीर.

तुम्ही काय करावे?

१. यंत्र खरेदी करताना दंडाच्या घेराला योग्य असा पट्टा आहे का ते पाहा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो.

२. रक्तदाब घेण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवा, बोलू नका. मिनिटाभराच्या अंतराने दोन-तीन वाचने घ्या आणि सगळी लिहा. "चांगले" आलेले तेवढेच लिहू नका.

३. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत पाहा, डबी घट्ट बंद ठेवा. पावसाळ्यातली दमट हवा पट्ट्या खराब करते.

४. ऑक्सिमीटर लावताना बोट उबदार असू द्या, नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेले बोट निवडा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

५. एका आकड्यावरून औषध वाढवू नका, कमी करू नका, बंद तर मुळीच करू नका.

६. नाडी पाहायला शिका. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर तीन बोटे ठेवा आणि घड्याळ पाहून पूर्ण मिनिटभर मोजा. ठोके समान अंतराने पडतात का, एवढेच पाहायचे आहे. याला पैसे लागत नाहीत, बॅटरीही लागत नाही.

आणि पुढच्या भेटीला येताना तुमचे मशीन व वही दोन्ही घेऊन या. माझ्या उपकरणाशेजारी तुमचे मशीन लावून आपण फरक पाहू. आकडे विचित्र येत असतील तर मशीन बदलण्याआधी मी तुमचा हात हातात घेऊन नाडी पाहीन. आता ते मी कोणाचेही चुकवत नाही.